वचनाखाली ग्रंथाचे नाव हवे

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की बाबासाहेबांच्या नावाची वचने मोबाइलवर फिरू लागतात. अनेकांखाली ग्रंथाचे नाव नसते, भाषणाची तारीख नसते. विद्यार्थी तीच वचने वक्तृत्व स्पर्धेत म्हणतात, निबंधात लिहितात. ज्यांनी आयुष्यभर पुराव्यानिशी मांडणी केली, त्यांच्या नावावर निराधार वाक्य खपविणे हा त्यांचा गौरव नव्हे. शिवाय एक वचन खोटे ठरले की विरोधक खऱ्या वचनांवरही संशय घेतात.

गूगलवर शब्द टाकला की लोकप्रिय मजकूर सहज वर येतो. तो विश्वसनीय असेलच असे नाही. म्हणून त्या त्या विषयाच्या जाणकार संस्थांच्या संकेतस्थळांवर थेट जाण्याची सवय मुलांना लावली पाहिजे, असे आमचे मत आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. पाली तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने खुले केले आहे. कालाम सुत्ताच्या नावाने फिरणारा मजकूर तेथील मूळ सुत्ताशी ताडून पाहावा. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर, पाठ्यसाहित्य आयआयटी खरगपूरच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात आणि मराठी नोंदी विश्वकोशात मिळतात. मोठ्या शहराचे ग्रंथालय ज्यांच्या आवाक्यात नाही, अशा खेड्यापाड्यांतील मुलांसाठी हे मोठेच धन आहे.

तथापि द्वार विश्वासाचे म्हणून आतील प्रत्येक मत खरे ठरत नाही. लेखक कोण, वर्ष कोणते, आधार कोणता, हे प्रश्न तेथेही विचारावेत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे जतन केली आहेत. राजवाड्यांचे अनेक निष्कर्ष आम्हांस अमान्य आहेत. परंतु अस्सल कागदाचा त्यांचा आग्रह आम्ही शिरोधार्य मानतो.

१९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्यास आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी ३१ जुलैला तेथे अनुयायी जमतात. त्या भेटीच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांतील कोणत्या आठवणीला कागदाचा आधार आहे, याचा शोध आपल्याच विद्यार्थ्यांनी का घेऊ नये?

त्यासाठी शाळेने आठवड्यातून एक तासिका द्यावी. माजी विद्यार्थ्यांनी मार्गदर्शनास यावे. पालकांनीही एखादे वचन पुढे धाडण्यापूर्वी मुलांना विचारावे, ‘हे कोणत्या खंडात आहे?’ ‘शिका’ या आदेशात हेही शिकणे आले.