फळाचा रंग नव्हे, कापल्याची वेळ पाहा

रमजानमध्ये रोजा सोडण्याची वेळ जवळ आली की न्हावरे असो वा शिरूर-दौंडची बाजारपेठ, कापलेल्या फळांच्या डिशना मागणी वाढते. लालभडक कलिंगड, केशरी पपई आणि वर पारदर्शक प्लास्टिक. गिऱ्हाईक चकचकीत डिश उचलते. सफरचंदाची फोड तांबूस दिसली की नाक मुरडते. ही पारख चुकीची आहे.

सफरचंद कापल्यावर त्याच्या पेशी फुटतात. आतले एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फोड तांबूस करते. एवढ्यावरून ती नासली असे होत नाही. लिंबाचा रस लावला तर ही क्रिया मंदावते. कलिंगडाचा लाल रंग मात्र लायकोपीनचा. फोड उन्हात तासन्‌तास राहिली तरी ती लालच दिसते. त्यात आंबटपणा कमी, पाणी आणि गोडवा भरपूर. त्यामुळे जंतू झपाट्याने वाढतात. दिवसभराच्या रिकाम्या पोटी नेमकी तीच फोड जाते.

प्लास्टिकने धूळ आणि माशा अडतात, उष्णता अडत नाही. उलट आत वाफ धरते, पाणी सुटते. मोठ्या दुकानांतली डबाबंद फळे टिकतात ती मुख्यतः 5 अंश सेल्सिअसखालच्या थंडाव्यामुळे. गाडीवर तो थंडावा कुठून आणायचा?

सगळा दोष फळवाल्यावर टाकणेही बरोबर नाही. सगळे गिऱ्हाईक अर्ध्या तासात येते, म्हणून तो दुपारपासूनच कापत बसतो. अख्खे फळ घ्यावे, नाहीतर समोर कापून मागावे. कापलेले फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात तासभर पुरे. मशिदीत इफ्तारसाठी फळे देणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, अख्खी फळे द्यावीत. असरच्या नमाजनंतर हात आणि सुरी धुऊन तरुणांनी ती कापावीत. शिरूर तालुक्यातले डाळिंब तर यासाठी सोयीचे. दाणे न फोडता काढले तर रंगही टिकतो.

वर कोरडे आणि आत भिजलेले धान्य विकणाऱ्याला पैगंबरांनी बाजारात टोकले होते, हा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. ओले धान्य वर ठेव, लोकांना दिसू दे, असे त्यांनी सांगितले. फळवाल्याने डिशवर कापल्याची वेळ लिहिली, तर ती याच शिकवणीची अंमलबजावणी ठरेल. त्याला खर्च एका पेनचा.