समुद्रतळाचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट

एडवर्ड फोर्ब्स एडिंबरोला वैद्यकशास्त्र शिकायला गेला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. त्याचा जीव रमायचा तो शंखशिंपल्यांत आणि तारामाशांत. 1841 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ‘बीकन’ या सर्वेक्षण जहाजावर त्याला एजियन समुद्रात काम करण्याची संधी मिळाली. लोखंडी तोंडाची पिशवी, म्हणजे ड्रेज, दोराने तळावर सोडायची, फरपटत न्यायची, वर ओढायची आणि आत काय आले ते मोजायचे, हे ते काम. जितके खोल जावे तितके प्राणी कमी मिळत गेले. सुमारे 420 मीटरपर्यंत त्याने असे नमुने घेतले. मग उतरत जाणारी ती रेघ कागदावर पुढे ओढली आणि 300 फॅदम, म्हणजे साधारण 550 मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी, असा निष्कर्ष काढला.

निष्कर्ष पटण्यासारखा होता. तिथे उजेड नाही, त्यामुळे वनस्पती नाहीत. पाणी बर्फासारखे थंड. आणि दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत जाणारा. पुढची वीस-पंचवीस वर्षे बहुतेक जाणकारांनी तो मान्य केला. पण एजियनचा तळ इतर समुद्रांच्या मानाने मुळातच जीवांच्या बाबतीत गरीब आहे, आणि फोर्ब्सची ड्रेज तोंडाने अरुंद व चिखलाने चटकन तुंबणारी होती.

क्षयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात हाच प्रकार रोज दिसतो. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडणे कठीण असते. ‘निगेटिव्ह’चा अर्थ ‘या पद्धतीने दिसले नाहीत’ एवढाच. रुग्ण मात्र तो रिपोर्ट ‘क्षय नाही’ असा वाचतो आणि खोकत घरी जातो. काही वेळा डॉक्टरही तसाच वाचतात.

खोल समुद्राचा चुकीचा रिपोर्ट बदलण्याची धडपड करणाऱ्यांत एक डॉक्टर होता, आणि त्याचे भारताशी जवळचे नाते होते. जॉर्ज वॉलिच याचा जन्म कलकत्त्याचा. वडील तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख. एडिंबरोहून एमडी होऊन तो हिंदुस्थानच्या लष्करी वैद्यकीय सेवेत आला आणि सतलज व पंजाबच्या मोहिमांत त्याने काम केले. 1860 मध्ये तो ‘बुलडॉग’ जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून उत्तर अटलांटिकमध्ये गेला. तारायंत्राच्या केबलसाठी खोली मोजण्याचे काम चालू होते. 1,260 फॅदम, म्हणजे सुमारे 2,300 मीटरवरून दोर वर आला तेव्हा त्याला 13 ब्रिटल स्टार चिकटलेले होते. तारामाशांचे हे लांब, लवचीक बाहूंचे भाऊबंद, तेही जिवंत.

दोर वर येताना मधल्या पाण्यात त्यांनी तो पकडला असेल, असे आक्षेपकांनी म्हटले. वॉलिचने त्यांची पोटे उघडून पाहिली. आत तळाच्या गाळात सापडतात तसलीच सूक्ष्म कवचे होती. शवविच्छेदन करणाऱ्या माणसाला सुचावा असाच हा पुरावा. तरीही तो फारसा कोणी मानला नाही. त्याच सुमारास सार्डिनिया आणि अल्जीरियादरम्यानची तुटलेली केबल भूमध्य समुद्राच्या सुमारे दोन हजार मीटर खोलीतून वर काढली गेली. तिच्यावर प्रवाळ वाढलेले होते. प्रवाळ काही वाटेत केबल पकडत नाहीत.

त्यानंतर विल्यम कार्पेंटर हा डॉक्टर आणि वायव्हिल थॉमसन हा प्रकृतीच्या कारणाने वैद्यकीय शिक्षण सोडलेला प्राध्यापक, या जोडीने नौदलाकडून जहाजे मिळवली. 1869 मध्ये ‘पॉर्क्युपाइन’च्या ड्रेजने 2,435 फॅदमवरून, म्हणजे सुमारे 4,450 मीटरवरून जिवंत प्राणी वर आणले. श्रेय या दोघांना मिळाले. ते आपल्याला मिळाले नाही, हा सल वॉलिचने आयुष्यभर बाळगला. 1898 मध्ये लिनियन सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. पुढच्याच वर्षी तो गेला.

याच काळात नेमकी उलटी चूकही झाली, आणि तीही जहाजावर डॉक्टर म्हणून राहिलेल्या माणसाच्या हातून. थॉमस हक्सलीने 1868 मध्ये अटलांटिकच्या तळातल्या, अनेक वर्षे स्पिरिटमध्ये ठेवलेल्या चिखलात एक चिकट थर पाहिला. तो आदिम सजीवद्रव्य समजून त्याने त्याला ‘बॅथिबियस’ नाव दिले. पुढे ‘चॅलेंजर’वरच्या बुकॅनन या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की समुद्राच्या पाण्यात तीव्र अल्कोहोल मिसळले की कॅल्शियम सल्फेटचा तसाच साका बसतो. हक्सलीने 1875 मध्ये चूक जाहीरपणे कबूल केली. एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाने असे करणे तेव्हाही दुर्मीळ होते.

‘चॅलेंजर’ने डिसेंबर 1872 ते मे 1876 या काळात सुमारे सव्वा लाख किलोमीटरचा प्रवास केला. सागरविज्ञान हे स्वतंत्र शास्त्र इथून सुरू झाले असे मानतात. या मोहिमेचे वैशिष्ट्य होते तिचा कंटाळवाणेपणा. साडेतीनशेहून अधिक ठिकाणी थांबायचे, खोली, तापमान, प्रवाह, पाणी, गाळ, प्राणी, सगळे पुन्हा पुन्हा नोंदवायचे. खोल पाण्यातली एक ड्रेज टाकून वर काढण्यात अख्खा दिवस जाई आणि खलाशी वैतागत. मारियाना गर्तेजवळ 8,184 मीटर खोली मोजली गेली. जगभरातून आणलेल्या पाण्याच्या 77 नमुन्यांचे पृथक्करण झाले, तेव्हा क्षार कमीजास्त असले तरी त्यांचे आपसातले प्रमाण जवळपास सारखेच असते, हे पक्के झाले. अहवालाचे 50 खंड निघायला 1895 उजाडले.

मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’नेही अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरात असेच खोल नमुने घेतले. तिच्यावर ‘सर्जन-नॅचरलिस्ट’ असे पदच होते. सकाळी खलाशांच्या जखमा बांधायच्या आणि दुपारी ड्रेजमधले मासे, खेकडे ओळखायचे. आल्फ्रेड अल्कॉक हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. स्वतंत्र भारतात हे काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे आले. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून ती 1966 मध्ये उभी राहिली, आणि 26 जानेवारी 1981 रोजी तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने समुद्रतळावरचे धातूंचे गोळे प्रथमच वर आणले.

हे बटाट्याएवढे काळे गोळे आता देशाच्या योजनेत आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. मध्य हिंदी महासागरात 75 हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र भारताला शोधकार्यासाठी मिळालेले आहे. 2021 मध्ये केंद्राने 4,077 कोटींच्या ‘डीप ओशन मिशन’ला मंजुरी दिली, त्याच वर्षी ‘वराह’ हे यंत्र 5,270 मीटर खोल तळावर चालवून पाहण्यात आले. तीन माणसांना सहा हजार मीटरवर नेणाऱ्या ‘मत्स्य 6000’ची तयारीही सुरू आहे. अभिमान वाटावा असेच हे काम आहे.

पण गोळे वाढतात दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, आणि अनेक प्राण्यांना त्या चिखलात पाय रोवायला तेवढीच कठीण जागा असते. पेरूजवळ 1989 मध्ये शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून पाहिला होता. 26 वर्षांनी गेले तर नांगराच्या रेघा तशाच होत्या आणि सूक्ष्मजीवांचे काम तिथे पूर्ववत झालेले नव्हते. प्रशांत महासागरातल्या अशाच गोळ्यांच्या पट्ट्यातील नोंदींचा आढावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. सापडलेल्या प्रजातींपैकी सुमारे 90 टक्क्यांना शास्त्रीय नावच नाही. 1977 मध्ये गॅलापागोसजवळ अडीच हजार मीटर खोलीवर गरम पाण्याचे झरे आणि त्याभोवती प्राण्यांची दाटी सापडली, तेव्हा मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. नमुने टिकवायला रशियन व्होडका वापरावी लागली. तिथे जीव असतील असे कोणाला वाटलेच नव्हते.

आपल्या संस्थेनेही 1997 मध्ये मध्य हिंदी महासागरात तळ ढवळून परिणाम अभ्यासले आहेत. तो अभ्यास दीर्घकाळ पुढे चालवायला, प्राणी ओळखणारी माणसे नेमायला आणि त्यांना जहाजावर जागा द्यायला यंत्रांच्या मानाने फार पैसा लागत नाही. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर तपासणीची पद्धत आणि नमुना कसा होता ते छापलेले असते. खाणकामाच्या परवानगीसाठी येणाऱ्या प्रत्येक जैविक अहवालाच्या पहिल्याच पानावर किती नमुने घेतले, कोणत्या साधनाने, जाळीची भोके केवढी होती आणि किती वर्षे पाहिले, हे लिहिणे सरकारने सक्तीचे करावे. ते पान लोकांना वाचायलाही मिळावे.