आजीच्या तोंडचा इतिहास

मैत्रिणींनो, आमच्या खर्ड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाला इथं हरवलं, त्याला इथल्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला, हे शाळेतली मुलं घडाघडा सांगतात. परवा एका मुलीनं मात्र विचारलं, “बाई, हे पाहिलेलं कुणी आहे का?”

लढाई पाहिलेलं कुणी नाही. पण १९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं घराघरांत आहेत. ‘त्यांनाच विचारून या,’ असं मी मुलांना सांगितलं आणि माझ्या लेकीलाही सासूबाईंपुढं बसवलं.

“दुष्काळ कसा होता?” “लई वाईट,” एवढंच उत्तर. मग तिनं विचारलं, “आजी, तेव्हा तू काय खायचीस?” आणि सासूबाई बोलू लागल्या. त्या तेव्हा दहा वर्षांच्या. रेशनची तांबडी मिलो ज्वारी, सुकडी, दिवसभर खडी फोडणारी आई. “माय म्हणायची, मला भूक न्हाई. ते खोटं होतं, हे लई उशिरा कळलं.”

माझी तव्यावरची भाकरी करपली. इतकी वर्षं एका घरात राहून मी हे कधी विचारलंच नव्हतं!

तुम्हीही मुलांच्या हाती एक वही द्या. खाणं, पाणी, कपडे, खेळ असे साधे प्रश्न विचारू द्या. सांगणाऱ्याची भाषा ‘शुद्ध’ करू नका. वर नाव, गाव, तेव्हाचं वय लिहा. आणि हे काम दिवाळीच्या सुटीवर ढकलू नका. याच रविवारी करा.