क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांचा हिशोब सहीपूर्वी मराठीत मिळावा

दिनांक : १७ मार्च २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. जिल्हाधिकारी, धुळे
(अध्यक्ष, जिल्हास्तरीय सल्लागार समिती)

विषय : रिवॉर्ड क्रेडिट कार्ड देण्यापूर्वी पॉइंटांची किंमत, वगळलेले खर्च व व्याज यांची माहिती एका पानावर मराठीत देण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे जळगाव व धुळे जिल्ह्यांतील नोकरदार, दुकानदार व शेतकरी कार्डधारक आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत. कार्ड विकणारे एजंट आता मॉलपासून एमआयडीसीच्या गेटपर्यंत पोहोचले आहेत. कार्डाला आमचा विरोध नाही. बिल मुदतीत पूर्ण भरणाऱ्याला ते फायद्याचे ठरू शकते. पण सही घेताना पॉइंट सांगतात आणि त्यामागचा हिशोब सांगत नाहीत, ही आमची तक्रार आहे.

तो हिशोब एका उदाहरणाने मांडतो. महिन्याला २०,००० म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपये खर्च धरा. दर १५० रुपयांना २ पॉइंट मिळाले तर वर्षाचे ३,२०० पॉइंट होतात. पॉइंटाची किंमत २५ पैसे असेल तर हाती ८०० रुपये येतात. पण या खर्चात पेट्रोल, वीजबिल, विम्याचा हप्ता असा ६०,००० रुपयांचा भाग असतो आणि अशा खर्चांना बऱ्याच कार्डांवर पॉइंट मिळत नाहीत किंवा मर्यादेतच मिळतात. ते वगळले तर ६०० रुपये उरतात. वार्षिक शुल्क ४९९ रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ५८९ रुपये. पॉइंट वटवायला ९९ रुपये अधिक जीएसटी लागला, तर वर्षभर कार्ड वापरून ग्राहक शंभरएक रुपयांनी तोट्यात जातो. ठरावीक खर्चानंतर वार्षिक शुल्क माफ होते हे खरे, पण त्या खर्चात काय धरतात आणि काय नाही, हेही सहीच्या वेळी कुणी सांगत नाही.

व्याजाचे प्रकरण याहून गंभीर आहे. २०,००० च्या बिलापैकी 'किमान देय' म्हणून १,००० रुपये भरले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असले, तर उरलेल्या १९,००० वर एका महिन्याचे व्याज ६६५ रुपये व त्यावर जीएसटी धरून सुमारे ७८५ रुपये होतात. वर्षभराचे पॉइंट एका महिन्यात गेले. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची व्याजमुक्त मुदतही जाते. आपल्या भागात हा धोका जास्त आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्याला पैसा कटाईनंतर एकरकमी मिळतो, कापूसवाल्याला दिवाळीच्या आगेमागे. कार्डाचे बिल मात्र दर महिन्याला येते. किमान रकमेची सवय याच घरांना आधी लागते.

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. आता ग्राहकाला खरा आधार उरतो तो आधी मिळालेल्या स्पष्ट माहितीचाच.

कार्ड कसे निवडावे हेही कुणी सांगत नाही. विमानतळावरचा फुकट लाउंज धुळ्याहून एसटीने नाशिकला जाणाऱ्याच्या कामाचा नाही. रोज मोटरसायकलवर फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीला इंधनाचे कार्ड परवडेल. किराणा व औषधांवर खर्च करणाऱ्या कुटुंबाला साधा कॅशबॅक बरा, कारण त्यात पॉइंटांची किंमत शोधत बसावे लागत नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, पण त्या खर्चावर अनेक कार्डांत पॉइंट कमी असतात. हे आधी कळले तर माणूस आपल्या खर्चाला जुळणारे कार्ड घेईल.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत अर्जासोबत व्याज व शुल्कांचे एक पानी माहितीपत्रक देण्यास सांगितले आहे. अटी सोप्या भाषेत, शक्यतो स्थानिक भाषेतही असाव्यात, असेही त्यात आहे. शुल्कवाढीची किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते. म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, दोन्ही जिल्ह्यांच्या सल्लागार समित्यांच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि हे पान प्रत्येक शाखेने व तिच्या एजंटाने मराठीत देण्याचे ठरवावे. पॉइंटाची रुपयांतली किंमत, पॉइंट न मिळणारे खर्च, पॉइंटांची मुदत, वटवण्याचे शुल्क आणि वरच्यासारखे व्याजाचे एक उदाहरण त्यावर असावे. पॉइंटांत कपात करतानाही एक महिन्याची सूचना बंधनकारक व्हावी, अशी शिफारस समित्यांनी रिझर्व्ह बँकेकडे करावी.

आर्थिक साक्षरता केंद्रांच्या शिबिरांत खाते उघडणे व विमा शिकवतात. तिथे कार्डाचे बिल वाचायलाही शिकवावे. न मागता कार्ड आले आणि त्याची आकारणी झाली तर ती परत मिळते व तिच्या दुप्पट दंड कार्ड देणाऱ्यास भरावा लागतो. कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजी दिवसांत निकाली न निघाल्यास, बाकी नसेल तर, दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. हे नियम शाखांत ठळक लावावेत. सोबत रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा संपर्क क्रमांक असावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते आणि रिझर्व्ह बँकेच्या चंडीगढ येथील तक्रार केंद्रात ती मराठीतही स्वीकारतात, हे आमच्यापैकी बहुतेकांना आजवर माहीत नव्हते.

जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षपदही आपल्याकडेच असल्याने परिषदेच्या बैठकीतही हा विषय ठेवावा. आमच्या प्रतिनिधींना म्हणणे मांडण्यासाठी वेळ द्यावा आणि झालेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्डधारक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
मा. प्रादेशिक संचालक, भारतीय रिझर्व्ह बँक
मा. जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक, जळगाव व धुळे