वाट विचारायला लावणारा खेळ

‘मामा, मॉरोविंड आता खेळायचा गेम राहिला नाही, आठवणी काढायचा राहिला,’ असं माझा भाचा म्हणतो. तो इथं सेवाग्रामला इंजिनीअरिंगला आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये ऑब्लिव्हियन या त्याच मालिकेतल्या पुढच्या गेमची नव्यानं सजवलेली आवृत्ती आली, तेव्हापासून त्याच्या खोलीवर जमणाऱ्या मुलांचं या बाबतीत एकमत आहे. मुलं हुशार आहेत आणि त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी आठवणींचा आरोप. मॉरोविंड २००२चा आणि ऑब्लिव्हियन २००६चा, पण मी ते उलट्या क्रमानं खेळलो. तुरुंगाखालच्या भुयारातून बाहेर पडल्यावर एकदम समोर आलेलं तळं आणि पलीकडचे पडके खांब बघून मी कीबोर्डवरचा हात काढून नुसता बसून राहिलो होतो. पहिलं प्रेम म्हणाल तर ते ऑब्लिव्हियनवर. मॉरोविंडकडे मी दोन वर्षांनी गेलो, तेही कुरकुरत, कारण त्याची चित्रं तेव्हाच जुनाट दिसत होती. तरी मी त्याचा झालो. याचं कारण माझ्या वयात शोधू नका, त्या खेळाच्या घडणीत शोधा.

मॉरोविंडमध्ये तुम्ही सेडा नीन नावाच्या चिखलाळ बंदरात कैदी म्हणून उतरता. हातात एक पुडकं देतात आणि सांगतात, बालमोरा गावी जा, तिथल्या एका गुत्त्यात कायस कोसाडेस कुठं राहतो ते विचार. बस. नकाशावर खूण नाही, होकायंत्रावर बाण नाही. पायी निघा, नाहीतर उंच पायांच्या त्या अजस्र किड्याच्या पाठीवर पैसे देऊन बसा. पुढं सगळा खेळ याच चालीनं जातो: पूल ओलांड, फाट्यावर पूर्वेला वळ, डोंगर उजव्या हाताला ठेव. ऑब्लिव्हियनमध्ये बाण आला. मोठी शहरं तर आधी न जाताही नकाशावर बोट ठेवून गाठता येऊ लागली.

मुलांचं म्हणणं, बाण नको असेल तर बघू नका! वरवर पाहता हे बिनतोड वाटतं. पण एकदा बाण झाकून खेळून बघा. काम सांगणारा माणूस तुम्हाला बहुतेक वेळा वाट सांगतच नाही, कारण बाण आहे हे लिहिणाऱ्यानं धरूनच ठेवलेलं असतं. मॉरोविंडच्या माणसांना मात्र आपला मुलूख तोंडपाठ असावा लागतो. बाणानं खेळणाऱ्याचा वेळ वाचला, हे मी मान्य करतो. पण त्यानं त्या जगातल्या माणसांच्या तोंडची वाट काढून घेतली, आणि हे नुकसान सेटिंगमध्ये जाऊन भरून निघत नाही.

सेवाग्रामात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून द्यायला नको. शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४०मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. पत्त्यापायी नाव बदललेलं हे गाव. घोटाळा अजून पुरता मिटलेला नाही. जुन्या वर्धा पूर्व स्टेशनाला सेवाग्राम नाव मिळालं, आणि तिथं उतरून गांधीजींचा आश्रम पायाशीच असेल असं समजणारी माणसं मला नेहमी भेटतात. आश्रम तिथून काही किलोमीटर लांब. कोणीतरी त्यांना सांगतं, ‘इकडून सिद्दे जा, मंग मोठी चिंच लागन, तिथून वळजा.’ ती चिंच त्या पाहुण्याला पुढं कायम लक्षात राहते. मोबाइलवरच्या निळ्या रेषेनं आलेल्याला ती दिसलेलीही नसते.

पण बाण हा माझ्या मते लहान अपराध. मोठा अपराध दुसराच, आणि त्याबद्दल मुलं गप्प असतात. ऑब्लिव्हियनचं जग तुमच्याबरोबर वाढतं. तुमची लेव्हल चढली की रानातले शत्रू बदलतात. कालपर्यंत कातड्याच्या चिलखतात फिरणारे साधे लुटारू काचेची मौल्यवान चिलखतं घालून येतात. क्वॅच शहराबाहेरचा पाताळाचा दरवाजा नवशिक्यानं लवकर जाऊन बंद करावा, अनुभव घेऊन गेलात तर आत मोठे राक्षस भेटतील, असा सल्ला खेळणारेच एकमेकांना देत आले. म्हणजे शिकणाऱ्यालाच दंड. नव्या आवृत्तीनं खेळाडूची लेव्हल चढण्याची रीत सुधारली, चेहरे उजळले, पण जग तुमच्या मापानं कापण्याची मूळ खोड ठेवली.

शिकण्याची गोष्ट निघाली की मला आमचं गाव आठवतं. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला आणि नई तालीमची शाळा सेवाग्रामातच उभी राहिली. हातानं काम करता करता शिकायचं, हा तिचा गाभा. आता दोन्ही गेममध्ये कौशल्य वापरानंच वाढतं: तलवार चालवली की तलवार, कुलपं उघडली की कुलपं. मग फरक कुठं? टकळीवर पहिल्या दिवशी सूत तुटतं, महिन्याभरानं तुटत नाही. मधल्या काळात पेळू तोच असतो, कापूस तोच असतो. मुलाच्या इयत्तेबरोबर कापूस चिवट होत गेला असता, तर हात बसला हे त्या मुलाला कधी कळलंच नसतं. मॉरोविंडचा कापूस बदलत नाही. तिथंही काही प्राणी लेव्हलप्रमाणे येतात, हे खरं. पण बहुतेक माणसं, गुहा आणि मौल्यवान वस्तू कोणीतरी हातानं जागच्या जागी ठेवलेल्या आहेत. ज्या थडग्यातून तुम्ही पहिल्या आठवड्यात जीव घेऊन पळालात, तिथंच दोन महिन्यांनी शांतपणे आत जाता. त्या वेळी होणारा आनंद मला दुसऱ्या कोणत्याही खेळानं दिला नाही.

संघटनांचंही तसंच. मॉरोविंडच्या जादूगार संघात बढती हवी तर विद्येची ठरावीक पातळी गाठावी लागते. तीन मोठ्या घराण्यांपैकी एक निवडलं की उरलेली दोन बंद. ऑब्लिव्हियनमध्ये सांगितलेली कामं उरकली की पद मिळतं, आणि सगळ्या संघांचं प्रमुखपद एकाच माणसाकडे येऊ शकतं.

मुलांचा सर्वांत जोरदार मुद्दा लढाईचा. मॉरोविंडमध्ये तलवार शत्रूच्या अंगातून जाताना दिसते आणि वार मात्र फुकट जातो, कारण आत फासे पडत असतात. इथं मी वकिली करणार नाही. डोळ्यांना दिसतं एक आणि घडतं दुसरं, हा दोषच आहे, आणि ऑब्लिव्हियननं तो दूर केला हे चांगलं केलं. मॉरोविंडची मूळ रोजनिशीही गचाळ होती, सगळी कामं एकाखाली एक. २००२मध्येच आलेल्या ट्रिब्युनल या पुरवणीनं ती थोडी लावून दिली. काही ठिकाणी तर वाट चक्क चुकीची सांगितलेली आहे.

आवाजाबद्दल मात्र माघार नाही. ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक वाक्य बोललं जातं, सम्राटाला पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज आहे, हे वैभव खरं. पण बोललेल्या प्रत्येक वाक्याला खर्च लागतो, म्हणून वाक्यं आखडली आणि मोजक्याच नटांचे आवाज गावोगाव ऐकू येऊ लागले. मॉरोविंडची माणसं लिहून बोलतात. म्हणून ती धर्म, जमीन, गुलामी, परक्यांबद्दलचा राग, यावर पानंच्या पानं बोलू शकतात, एकमेकांना खोटं पाडू शकतात. भविष्यवाणीतला नायक नेरेवरीन खरोखर तुम्हीच आहात का, याचंही उत्तर तिथं एका सुरात मिळत नाही.

ऑब्लिव्हियनमध्ये काहीच नाही असं मी म्हणत नाही. चित्रकार स्वतःच्याच चित्रात अडकतो ती शेडिनहॉलची मोहीम मी आजही कोणालाही आवर्जून दाखवीन. मारेकऱ्यांच्या संघाच्या कामगिऱ्या तर मॉरोविंडमधल्या तशा कामांपेक्षा सरस लिहिलेल्या आहेत.

मागच्या महिन्यात भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर मी ओपनएमडब्ल्यू टाकून दिलं. मॉरोविंड चालवण्यासाठी हौशी लोकांनी लिहिलेलं हे नवं इंजिन फुकट मिळतं. मूळ गेम त्यानं सवलतीत विकत घेतला. पहिले दोन दिवस तक्रारी. तिसऱ्या रात्री अकराला फोन. बालमोऱ्याबाहेर नदी ओलांडून, किल्ला मागं टाकून, जुन्या दगडी पुलावरून तो आर्कंगथांडच्या अवशेषांपर्यंत पोचला होता, पण दार उघडेना. ‘मामा, काय करू?’ मी म्हटलं, ‘आजूबाजूला बघ.’ त्यानं रागानं फोन ठेवला.

पंधरा मिनिटांनी पुन्हा वाजला. दाराबाहेरचा दांडा त्याला सापडला होता.