पुढारीपणाआधीं जाणतेपण

शेतकऱ्यांनीं संघटित व्हावें, हें आतां कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. २००२ सालीं कंपनी कायद्यांत दुरुस्ती होऊन दहा उत्पादकांनाही आपली कंपनी काढण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२० सालीं मध्यवर्ती सरकारनें दहा हजार नव्या शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हातीं घेतली. परंतु संस्था नोंदविणें निराळें आणि ती चालविणें निराळें. संचालक निवडतांना आपण घराणें पाहतों, जमीन पाहतों, गांवांत कोणाच्या शब्दास मान आहे तें पाहतों. त्यास धंद्यांतलें काय कळतें, हें मात्र विचारीत नाहीं.

न कळण्याची किंमत केवढी असते, हें द्राक्षबागाईतदारांनीं २०१० सालीं पाहिलें. क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश सांपडल्यामुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडलीं. त्यांत बागाईतदारांची लबाडी नव्हती. वेलीची फाजील वाढ आवरण्याकरितां तें द्रव्य वापरांत होतें. माल घेणाऱ्या देशाची अंशमर्यादा काय, हें वेळेवर त्यांच्या कानीं घालणारें जाणतें माणूस हवें होतें.

जाणतेपण म्हणजे पदवी नव्हे. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारण्यास झटणारे विठ्ठलराव विखे पाटील यांचें शालेय शिक्षण बेताचेंच होतें. परंतु आपणांस जें येत नाहीं, तें येणारा माणूस जोडण्याचें शहाणपण त्यांच्यापाशीं होतें. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या कारखान्याचे अध्यक्ष झाले, ते त्यामुळेंच.

प्रस्तुत लेखक एका संस्थेच्या मंडळावर असतां पहिलीं दोन वर्षें ताळेबंद न वाचतांच सही करीत असे. तिसऱ्या वर्षीं गोदामांतील मालाची तूट उघड झाली, तेव्हां ती पहिल्याच वर्षापासून कागदावर दिसत होती असें आढळलें. दोष लिहिणाऱ्याचा जितका, तितकाच न वाचणाऱ्याचाही. नुकसान मात्र सर्व सभासदांनीं सोसलें.

म्हणून सुचवावेंसें वाटतें तें एवढेंच: नव्या संचालकानें पहिल्या वर्षांत तीन गोष्टी शिकाव्या. ताळेबंद वाचावयास शिकावें. गोदामांत उभें राहून मालाची प्रतवारी स्वतः करावयास शिकावें. आणि विरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचें म्हणणें शांतपणें ऐकून सभावृत्तांतांत नोंदविण्यास शिकावें. अशा कंपनींत शेतकरी सभासदास भागभांडवल कितीही असो, मत एकच. तेथें हुकूम चालत नाहीं, पटवून द्यावें लागतें. आणि ज्यास विषय कळतो, तोच दुसऱ्यास पटवूं शकतो.

शेतीच्या कामांतून इतका वेळ कोठून काढावा, असें कोणी म्हणेल. ज्यास वेळ नाहीं त्यानें खुर्ची दुसऱ्यास द्यावी; त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों. संचालक निवडतांना निदान एक प्रश्न तरी विचारावा: मागील वर्षाच्या ताळेबंदांत तूट कोठें आहे, तें दाखवितां काय?