काचेतले कूर्म

घरात लक्ष्मी स्थिर राहावी म्हणून काचेच्या भांड्यात जिवंत कासव ठेवावयाचे, ही चाल नर्मदाकाठच्या जबलपुरात राहणाऱ्या सुशिक्षितांनीही उचलावी, यास भक्ती म्हणावे की हौस? आमच्या मते ती मुक्या जिवाची दीर्घ कैद होय.

रुपयाएवढे दिसणारे, कानापाशी तांबडा पट्टा असलेले ते पिलू मूळचे अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्यातले. त्याची मादी वाढून जवळजवळ फूटभर होते, आणि हा प्राणी २०-३० वर्षे सहज जगतो. त्याला पोहावयास पाणी हवे, तसेच अंग शेकण्यास कोरडी जागा व ऊन हवे. उन्हावाचून त्याचे कवच मऊ पडते. दिवाणखान्यातील भांड्यात हे कोठून मिळणार?

मुलांना भूतदया शिकविता येते, असे समर्थक म्हणतात. परंतु याच पिलांपासून मुलांना साल्मोनेला जंतूंची बाधा होते, म्हणून १९७५ साली खुद्द अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. शिवाय प्राणी मोठा झाला की त्याला ग्वारीघाटावर सोडून पुण्य जोडण्याचा मोह होतो. हे पुण्य नर्मदेला महाग पडेल. कारण हा परका जीव देशी कासवांची उन्हाची जागा आणि अन्न दोन्ही बळकावतो.

मग देशी कासव पाळावे काय? मागच्या पायांवर झडपा ओढून घेणारे आपल्या तळ्यांतील कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते बाळगणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला आपण नमस्कार करतो. कासवी नुसत्या दृष्टीने पिले पोसते, हा संतांचा लाडका दृष्टांत आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. त्याच पिलाची किंमत दुकानात विचारताना आपली जीभ कशी अडखळत नाही?

कोकणात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साह्याने सागरी कासवांची अंडी राखली आणि पिले समुद्रात सोडली. प्रेमाची ही रीत आमच्या मंडळींनी घ्यावी. ज्यांच्या घरी परके कासव आधीच आले आहे, त्यांनी ते नदीत न सोडता ऐसपैस जागेत जन्मभर सांभाळावे. देशी असल्यास वनखात्याच्या स्वाधीन करावे. आणि दुसरे मात्र विकत घेऊ नये. गिऱ्हाईक उरले नाही, तर हा बाजारही उरणार नाही.